‘धोका रोखला’ म्हणजे काम संपलं का? – पाणी कुठे मुरतंय ते शोधण्याबद्दल

रात्रपाळी (धागाकर्ता)

गेले काही दिवस डोक्यात घोळतंय ते लिहून काढतो. लांबण लागेल, पण तपशील गाळले तर मुद्दाच हातातून निसटेल.

एका मध्यम आकाराच्या संस्थेत संगणक आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या चौघांपैकी मी एक. हिशेब विभागातल्या एका मशीनवरून सुरक्षा सॉफ्टवेअरचा अ‍ॅलर्ट यायचा: पॉवरशेलने (विंडोजला लेखी आज्ञा देण्याचं साधन) बाहेरच्या एका पत्त्याशी जोडणी करायचा प्रयत्न केला, जोडणी रोखली. डॅशबोर्डवर हिरवी खूण. ज्याची पाळी असेल तो ‘रोखलं, कारवाईची गरज नाही’ असा शेरा मारून तिकीट बंद करायचा. मीही केली आहेत तशी तिकिटं बंद. असं अकरा दिवस चाललं.

बाराव्या दिवशी सगळे अ‍ॅलर्ट एकाखाली एक लावून पाहिले आणि वेळांकडे लक्ष गेलं. ९:०७, ९:३७, १०:०७, १०:३७. माणूस असं काम करत नाही. त्या मशीनवर काहीतरी मुक्काम ठोकून बसलंय, दर अर्ध्या तासाने उठतंय, बाहेर हाक मारतंय, आणि आम्ही फक्त त्याचं तोंड दाबतोय. ज्या दिवशी ते असा पत्ता वापरेल की जो आमच्या सॉफ्टवेअरच्या यादीत नाही, त्या दिवशी अ‍ॅलर्टही येणार नाही.

आतापर्यंत एवढंच कळलंय की त्या पॉवरशेलला जन्म देणारी प्रक्रिया एसव्हीसीहोस्ट (विंडोजच्या अंतर्गत सेवा चालवणारी) आहे, आणि ती शेड्यूल सेवेची आहे. म्हणजे कुणीतरी टास्क शेड्युलरमध्ये, ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत, काम लावून ठेवलंय. ते टास्क मी अजून काढलेलं नाही. मशीन नेटवर्कपासून तोडून ठेवलंय, बंद केलेलं नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. रोखलेल्या धोक्यांपैकी कोणत्याच्या मुळाशी जायचं आणि कोणता सोडून द्यायचा, हे तुम्ही कसं ठरवता? आणि इथून पुढे मी कोणत्या क्रमाने जावं?

---

उंबरठा

पहिल्या प्रश्नाबद्दल. मी सगळ्यात आधी एकच गोष्ट बघतो: अडवलेली वस्तू आत येत होती की बाहेर जात होती?

बाहेरून येणाऱ्या धडकांना अंत नाही. २०१३ मध्ये झेडमॅप नावाचं साधन आलं, तेव्हाच एका साध्या मशीनवरून गिगाबिट जोडणी वापरून अख्ख्या आयपीव्ही४ जगातलं, म्हणजे इंटरनेटच्या त्या पद्धतीच्या सगळ्या पत्त्यांवरचं, एक पोर्ट (जोडणीचं क्रमांकित दार) ४५ मिनिटांच्या आत तपासता येत होतं. तेव्हा फायरवॉलवर ‘३३८९ (रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट) वर आलेली जोडणी रोखली’ अशा हजार नोंदी दिसल्या, तरी त्यातून कुणी तुमच्याच मागे लागलंय असं सिद्ध होत नाही. ते रस्त्याने जाता जाता प्रत्येक कडी वाजवून बघणारे असतात.

बाहेर जाणारं काही अडवलं गेलं, तर मात्र हल्ल्याची सुरुवात आधीच होऊन गेलेली असते. घरफोड्या दारात नाही, माजघरात सापडलाय. तो आत कसा आला याचं उत्तर मिळेपर्यंत तिकीट बंद होता कामा नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आत येणाऱ्यातही एक अपवाद करतो. फायरवॉलने अडवलं तर सोडून देतो. पण तीच धडक मशीनवरच्या सॉफ्टवेअरने अडवली असेल, तर ती फायरवॉल ओलांडून तिथवर पोचली कशी? ते पोर्ट बाहेरून दिसतंच का? हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो आणि बऱ्याचदा कुणी तरी ‘दोन दिवसांसाठी’ लिहिलेला नियम हाती लागतो.

---

लॉगवाचक

मशीन बंद केलं नाहीत हे फार चांगलं झालं. मेमरीत जे आहे ते बंद करताच जातं. जमलं तर आधी मेमरीची प्रत काढा, मग डिस्कची.

आता टास्क. ‘सिस्टम३२’ मधल्या ‘टास्क्स’ फोल्डरमध्ये प्रत्येक टास्कची एक्सएमएल फाइल असते. तिच्यात नोंदणीची तारीख आणि कर्ता लिहिलेला असतो, पण त्यावर विसंबू नका. टास्क बनवणारा तिथे हवं ते लिहू शकतो. फाइल प्रत्यक्ष डिस्कवर कधी तयार झाली ती वेळ पाहा, आणि रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगांचा साठा) टास्ककॅशमधल्या, म्हणजे टास्कच्या यादीतल्या, नोंदीशी ताडून बघा. ती वेळ हाच तुमचा खुंटा. तिच्या अर्धा तास मागे आणि अर्धा तास पुढे त्या मशीनवर काय काय घडलं ते एका कागदावर ओळीने मांडा.

सुरक्षा लॉगमध्ये प्रत्येक घटनेला क्रमांक असतो. ४६९८ म्हणजे नवं टास्क बनलं. ती नोंद बहुधा मिळणार नाही, कारण त्यासाठीचं ऑडिट मुद्दाम चालू करावं लागतं. ४६२४ म्हणजे यशस्वी लॉगऑन. त्यातला प्रकार बघा. प्रकार २ असेल तर माणूस कीबोर्डसमोर बसला होता, १० असेल तर रिमोट डेस्कटॉप, आणि ३ असेल तर नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनने हात घातला. टास्क बनण्याच्या काही सेकंद आधी प्रकार ३ सापडला, तर हे मशीन म्हणजे फक्त एक थांबा आहे. मूळ दुसरीकडे शोधावं लागेल.

डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) वापरत असाल तर १११६ ही धोका दिसल्याची नोंद आणि १११७ ही कारवाईची. दोन्हींत फाइलचा पूर्ण मार्ग आणि ती उघडणारी प्रक्रिया मिळते. लोक फक्त व्हायरसचं नाव वाचतात, आणि मला विचाराल तर सगळ्यात निरुपयोगी माहिती तीच. नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं. मार्ग आणि जनक प्रक्रिया यांतून गोष्ट उलगडते.

उदाहरण देतो. मार्च २०२१ मध्ये एक्स्चेंज या मायक्रोसॉफ्टच्या ईमेल सर्व्हरमधल्या प्रॉक्सीलॉगऑन त्रुटीचा गैरफायदा घेऊन जगभर वेबशेल (सर्व्हरला दुरून आज्ञा देता येतील अशा लपवलेल्या फाइली) टाकले जात होते. वेबशेलची फाइल अँटीव्हायरसने उचलून क्वारंटाइनमध्ये (वेगळ्या कोंडून ठेवलेल्या जागेत) टाकली की सांभाळणाऱ्याला हायसं वाटायचं. पण ती फाइल लिहिणारी प्रक्रिया डब्ल्यू३डब्ल्यूपी होती, म्हणजे खुद्द वेब सर्व्हरच. ज्याने ते नाव वाचलं त्याला लगेच कळलं की फाइल गेली तरी भोक तसंच आहे, सर्व्हर पॅच होईपर्यंत पुन्हा पुन्हा येत राहणार.

फाइल डाउनलोड झालेली असेल तर तिला चिकटलेला ‘झोन आयडेंटिफायर’ नावाचा छोटा प्रवाह जरूर वाचा. झोन ३ म्हणजे इंटरनेट. बरेचदा फाइल कुठून आली तो पूर्ण पत्ताही त्यात असतो. फाइल पुसली की हेही जातं, म्हणून आधी प्रत, मग साफसफाई.

आणि टास्क एकच आहे असं गृहीत धरू नका. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनसंचातलं ऑटोरन्स चालवा, मशीनवर आपोआप काय काय सुरू होतं ते ते दाखवतं. रजिस्ट्रीतल्या ‘रन’ नोंदी, सेवा, डब्ल्यूएमआयमध्ये (विंडोजची व्यवस्थापन यंत्रणा) लावलेली कामं, सगळं एका जागी दिसतं.

---

नवशिकी

मी या क्षेत्रात येऊन वर्ष झालंय. आमच्याकडे दिवसाला तीनशेच्या वर ‘रोखलं’ असे अ‍ॅलर्ट येतात आणि आम्ही पाळीला दोघी. वरिष्ठांचं म्हणणं, जे थांबलं त्यावर वेळ घालवू नका, जे थांबलं नाही ते शोधा. मला ते पटतही होतं. हा धागा वाचून अस्वस्थ झाले. पण तीनशेच्या मुळाशी जाणं कुणाला शक्य आहे?

---

जुनाजाणता

@नवशिकी, तुमच्या वरिष्ठांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जे थांबलं नाही ते शोधायचंच. प्रश्न आहे तो कशाच्या आधारावर. तुमच्याकडे त्याचा सगळ्यात चांगला माग म्हणजे जे थांबलं तेच.

२०११ मध्ये लॉकहीड मार्टिन या अमेरिकी संरक्षण कंपनीतल्या तिघांनी एक शोधनिबंध लिहिला, ‘किल चेन’ (हल्ला पायरी-पायरीने कसा पुढे सरकतो त्याची साखळी) हा शब्द आपल्या क्षेत्रात रुळला तो त्यातूनच. सगळ्यांना त्यातल्या सात पायऱ्यांची आकृती पाठ असते. मला त्यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो: हल्ला पहिल्या-दुसऱ्या पायरीवर अडला तरी तिथे थांबू नका, अडला नसता तर पुढच्या पायऱ्यांवर काय झालं असतं ते त्या फाइलमधून शोधून काढा. त्यांनी स्वतःचं उदाहरण दिलंय. मार्च २००९ मध्ये त्यांच्याकडे तीन ईमेल आले. पहिल्या दोघांत पीडीएफ होती, ती अडली. त्यांनी ती उलगडून आतलं मागचं दार, त्याचा संपर्क-पत्ता, पाठवणाऱ्याच्या खुणा असं सगळं टिपून ठेवलं. त्याच महिन्यात तिसरा ईमेल आला, या वेळी पॉवरपॉइंटची फाइल. तिच्यातली त्रुटी तेव्हा जगाला माहीतच नव्हती, मायक्रोसॉफ्टची सूचना एप्रिलमध्ये आणि पॅच मे महिन्यात आला. तरीही तो ईमेल पकडला गेला, कारण आधीच्या प्रयत्नांतल्या काही खुणा त्यातही होत्या. आधीच्या पीडीएफ ‘रोखल्या, विषय संपला’ म्हणून फेकल्या असत्या तर तिसऱ्याला अडवायला काहीही नव्हतं.

उलट टोकाचं उदाहरण म्हणजे टार्गेट, अमेरिकेतली दुकानांची साखळी. २०१३ च्या नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांच्याकडच्या फायरआय या सुरक्षा कंपनीच्या यंत्रणेने मालवेअर ओळखलं होतं, सूचनाही दिल्या होत्या. आपोआप पुसण्याची सोय बंद ठेवलेली होती, आणि सूचनांचा पाठपुरावा झाला नाही. ४ कोटी कार्डांची माहिती गेली. चोर आत आले ते वातानुकूलनाची कामं करणाऱ्या एका कंत्राटदाराची लॉगइन माहिती चोरून. आता विचार करा, पुसण्याची सोय चालू असती आणि डॅशबोर्डवर ‘रोखलं’ अशी हिरवी खूण आली असती, तरी कंत्राटदाराचं लॉगइन चोरांकडेच राहिलं असतं. मालवेअरची नवी प्रत टाकायला त्यांना किती वेळ लागला असता?

तीनशेंचं म्हणाल तर मी असं करतो. एकसारखे अ‍ॅलर्ट एका गठ्ठ्यात बांधतो, तीनशेचे पंधरा-वीस गठ्ठे होतात. मग तीन गठ्ठे बाजूला काढतो: ज्याची पुनरावृत्ती होतेय, जो बाहेर जाणारा आहे, आणि जो साखळीत फार उशिरा अडलाय. शेवटचं महत्त्वाचं. ईमेल फिल्टरवर अडलेली फाइल आणि मिमिकॅट्ससारखं पासवर्ड चोरणारं साधन चालता चालता अडलं, या दोन्हींपुढे ‘रोखलं’ हाच शब्द येतो. पण दुसऱ्यात कुणीतरी आधीच आत येऊन प्रशासकाचे अधिकार मिळवलेले असण्याची दाट शक्यता असते. तिथे रात्र जागवायला माझी हरकत नसते.

---

पडताळणी

एक बाजू राहतेय. मूळ कारण कधी कधी आपल्याच साधनात असतं. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या ५९५८ क्रमांकाच्या अपडेटने विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ वरची एसव्हीसीहोस्ट ही अस्सल फाइल व्हायरस म्हणून उचलली. जगभरातली मशीनं पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होत राहिली, नेटवर्क गेलं. ‘धोका रोखला’ हेच तिथेही लिहिलेलं होतं.

म्हणून साप म्हणून भुई धोपटण्याआधी फाइलचा हॅश (तिचा डिजिटल ठसा) काढा, डिजिटल सही तपासा, तीच फाइल इतर मशीनांवर किती काळ आहे ते बघा. आणि खोटा अ‍ॅलर्ट निघाला तरी तोही मुळाशी जाऊनच बंद करा. कंटाळून पूर्ण फोल्डरला सूट दिली जाते, आणि पुढचा खरा चोर त्याच फोल्डरमध्ये येऊन बसतो. हे मी दोनदा डोळ्यांनी पाहिलंय.

---

दुसरी_फळी

लॉगइनच्या बाबतीत हेच सगळं लागू आहे, आणि तिथे तर लोक आणखी निर्धास्त असतात. वापरकर्त्याने मोबाइलवर आलेली मंजुरीची विनंती नाकारली, चोर अडला, सगळे खूश. पण ती विनंती आली याचाच अर्थ पासवर्ड बरोबर टाकला गेला! पासवर्ड फुटलेला आहे. कुठून फुटला?

सप्टेंबर २०२२ मधलं उबरचं प्रकरण बघा. एका कंत्राटदाराचा पासवर्ड हल्लेखोराकडे होता. उबरच्याच निवेदनानुसार तो बहुधा त्या कंत्राटदाराच्या वैयक्तिक उपकरणात मालवेअर शिरून फुटला आणि नंतर विकला गेला. हल्लेखोर लॉगइन करत राहिला, दुसऱ्या टप्प्याच्या विनंत्या जात राहिल्या, सुरुवातीला त्यांनी त्याला अडवलंही. शेवटी एक मंजूर झाली. पहिल्या नाकारलेल्या विनंतीलाच कुणी ‘का आली?’ असं विचारून पासवर्ड बदलला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

आणि तसं विचारणारे लोक असतात. २०२० मध्ये फायरआयमध्ये एका कर्मचाऱ्याच्या खात्यावर दुसरा फोन नोंदवला गेल्याची सूचना आली. त्याला विचारलं, हा फोन तुझाच का? तो म्हणाला, नाही. तिथून धागा ओढत ओढत ते सोलरविंड्स या कंपनीच्या नेटवर्क-सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये लपवलेल्या मागच्या दारापर्यंत पोचले. ते अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांनी उतरवून घेतलं होतं. सुरुवात एका चौकशीच्या प्रश्नाने झाली.

---

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस यातच होतो, आता जे सापडलं ते सांगतो.

टास्कचं नाव एका ब्राउझरच्या अपडेटरसारखं होतं. एक्सएमएलमधली तारीख दोन वर्षं जुनी. फाइल मात्र डिस्कवर फक्त तेवीस दिवसांपूर्वी बनलेली. @लॉगवाचक, तुम्ही सांगितलं नसतं तर मी ती जुनी तारीख वाचून टास्क खरं समजून सोडून दिलं असतं.

त्या वेळेच्या चार सेकंद आधी ४६२४, प्रकार ३. हिशेब विभागातल्या बाईंनी काही क्लिक केलेलं नव्हतं, काही उघडलेलं नव्हतं. जोडणी आमच्याच एका जुन्या सर्व्हरवरून आली होती, बॅकअपसाठी बनवलेल्या सेवा खात्याच्या नावाने. त्या खात्याला सगळ्या मशीनांवर प्रशासकाचे अधिकार आहेत, आणि पासवर्ड सामायिक फोल्डरमधल्या एका स्क्रिप्टमध्ये सरळ लिहिलेला होता.

जुन्या सर्व्हरवर सुरक्षा सॉफ्टवेअरच नव्हतं. त्यावरचं एक अ‍ॅप्लिकेशन मंदावतं म्हणून कधीतरी काढून टाकलं होतं. म्हणून तिथून एकही अ‍ॅलर्ट आला नाही. अकरा दिवस आम्हाला जे दिसत होतं तो धूर होता आणि आग भलत्याच खोलीत.

सर्व्हरवर ते कसे आले हे शोधताना अडलो. सुरक्षा लॉगचा आकार मूळचा २० एमबी ठेवलेला, त्यात जेमतेम दोन दिवसांच्या नोंदी शिल्लक होत्या. मग रिमोट डेस्कटॉप सेशनचा वेगळा लॉग उघडला, लोकल सेशन मॅनेजरचा. तो सावकाश भरतो, त्यामुळे सहा महिने मागचं मिळालं. तिथे नोंद क्रमांक २१, म्हणजे यशस्वी सेशन, बाहेरच्या पत्त्यावरून, पहाटे ३:१२ ला. टास्क बनण्याच्या दोन दिवस आधी. फायरवॉलमध्ये त्या सर्व्हरसाठी ३३८९ उघडं होतं. नियमाच्या शेऱ्यात लिहिलेलं: ‘तात्पुरतं’. एका पुरवठादाराला बाहेरून काम करता यावं म्हणून उघडलेलं, चौदा महिन्यांपूर्वी.

आम्ही ते पोर्ट बंद केलं, खात्याचा पासवर्ड आणि अधिकार दोन्ही बदलले, आणि सर्व्हर नव्याने उभारतोय. फक्त हिशेबाचं मशीन फॉरमॅट करून मोकळे झालो असतो तर आठवडाभरात पुन्हा तेच.

---

नवशिकी

वाचताना अंगावर काटा आला. एक विचारू का? तो नियम उघडणाऱ्याचं पुढे काय झालं?

---

रात्रपाळी

विचारलंत ते बरं केलंत. तो आमच्यातलाच एक, आणि नियम उघडणं त्याचं कामच होतं. त्याला तसं करायला लेखी सांगितलं गेलं होतं. बैठकीत पहिला प्रश्न ‘कुणी केलं?’ असाच आला. मी साहेबांना म्हणालो, याचं नाव लिहून आपण अहवाल बंद केला तर पुढचा तात्पुरता नियम कुणीतरी शेरा न लिहिता उघडेल, आणि आपल्याला तेवढाही माग राहणार नाही. त्यांना पटलं असावं. अहवालात नाव नाही.

---

जुनाजाणता

हे लिहिल्याबद्दल तुमचं विशेष कौतुक. ‘कर्मचाऱ्याने क्लिक केलं’ हे मूळ कारण म्हणून लिहिलेले अहवाल मी ढिगाने वाचलेत, आणि प्रत्येक वेळी चीड येते. क्लिक करणं हे लोकांचं रोजचं काम आहे. त्या क्लिकनंतर मॅक्रो (दस्तऐवजात दडलेला छोटा प्रोग्राम) चालला का, त्याला प्रशासकाचे अधिकार कुठून मिळाले, एका खात्याचा पासवर्ड पन्नास मशीनांवर का चालला, हे विचारायचं सोडून बळीचा बकरा शोधला जातो.

मात्र तुमच्या साखळीत अजून एक ‘का’ बाकी आहे. तात्पुरता नियम चौदा महिने कसा राहिला? कारण तो संपण्याची तारीख कुठेच नव्हती. सुरक्षा सॉफ्टवेअर काढलेला सर्व्हर, उघडं पोर्ट, सूट दिलेलं फोल्डर, या तिन्ही सवलतीच आहेत. आम्ही अशा प्रत्येक सवलतीपुढे मुदत आणि मागणाऱ्याचं नाव लिहितो, आणि मुदत संपली की नियम आपोआप बंद होतो. पुन्हा हवा असेल तर पुन्हा मागायचा. सुरुवातीला कुरकुर झाली, पहिल्याच तिमाहीत निम्म्याहून अधिक सवलती कुणी परत मागितल्याच नाहीत.

---

लॉगवाचक

लॉगचा आकार आजच वाढवा, आणि ते दुसरीकडे साठवायची सोय करा. तहान लागल्यावर विहीर खणून या कामात उपयोग नाही. गेलेली नोंद परत येत नाही. प्रक्रिया सुरू झाल्याची नोंद ४६८८ चालू करा, त्यात पूर्ण आज्ञा दिसण्याची वेगळी खूण आहे तीही करा. पॉवरशेलने काय चालवलं ते टिपणारी ४१०४ सुद्धा. सिसमॉन हे मशीनवरच्या हालचाली तपशिलात टिपणारं साधन बसवता आलं तर उत्तम, फुकट आहे.

आणि एक शंका. बॅकअपचं खातं सगळ्या मशीनांवर चालत होतं म्हणता. मग त्यांनी फक्त एकाच मशीनवर टास्क लावलं, हे मला पटत नाही.

---

रात्रपाळी

तुमची शंका खरी ठरली. काल सगळ्या मशीनांवर त्या नावाचं टास्क शोधलं, काही सापडलं नाही. मग नाव सोडून आतली आज्ञा शोधली. आणखी दोन मशीनं निघाली, तिथे टास्कची नावं वेगळी होती. एक प्रशिक्षणाच्या खोलीतलं, काही दिवस बंद पडून असलेलं. दुसरं चालू होतं, पण त्यावरचं सुरक्षा सॉफ्टवेअर पाच आठवड्यांपासून सर्व्हरशी बोलतच नव्हतं, आणि डॅशबोर्ड त्याची शेवटची ज्ञात स्थिती दाखवत होता: हिरवी.

त्या दुसऱ्या मशीनवरून बाहेर काय गेलं ते आता फायरवॉलच्या नोंदींतून शोधतोय. उद्या सकाळपर्यंत दोन आठवड्यांचं वाचून होईल, मग इथे लिहितो.